मर्यादा जाणणारा वजीर : ख्वाजा महमूद गवान

बिदर शहरात चौबाऱ्याकडून किल्ल्याच्या दिशेने चालू लागले की वाटेत एक भग्न पण भव्य वास्तू दृष्टीस पडते. तिच्या दर्शनी भागाचा एक मनोरा आजही उभा आहे. दुसरा नाहीसा झाला आहे. काळाच्या आघाताने भिंती ठिकठिकाणी उघड्या पडल्या आहेत. तरी निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या फरशांचे जे तुकडे शिल्लक आहेत, त्यांवरून मूळच्या वैभवाची कल्पना येते. ख्वाजा महमूद गवान याने इ. स. १४७२ च्या सुमारास बांधलेला मदरसा तो हाच. बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही इमारत परकी नाही. ती बांधणाऱ्या पुरुषाचे नावही त्यांनी ऐकलेले असते. परंतु या पुरुषाने स्वतःच्या घरचा आणि एका मोठ्या राज्याचा जमाखर्च कोणत्या तत्त्वावर चालविला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेच येथे सांगावयाचे आहे.

विद्यार्थिमित्रहो, गणिताच्या तासाला तुम्ही समीकरणे सोडविता. दोन बाजू समान असल्या म्हणजे मधे बरोबरचे चिन्ह येते आणि उत्तर एकच निघते. संसारातील प्रश्न मात्र बहुधा असे नसतात. तेथे इतक्यापेक्षा अधिक खर्च होता कामा नये, किंवा इतक्यापेक्षा कमी मिळून चालणार नाही, अशी भाषा असते. समजा, बिदरच्या सहलीसाठी एका वर्गाजवळ ९,००० रुपये जमले आहेत. गाडीचे भाडे ५,४०० रुपये ठरले आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या भोजनास ८० रुपये पडतात. किती विद्यार्थी जाऊ शकतील? विद्यार्थ्यांची संख्या क्ष मानली तर ५,४०० + ८० क्ष ≤ ९,००० असे मांडावे लागते. दोन्ही बाजूंतून ५,४०० वजा केले की ८० क्ष ≤ ३,६०० उरते आणि ८० ने भागले की क्ष ≤ ४५ हे उत्तर येते. म्हणजे पंचेचाळीस किंवा त्याहून कमी. गाडीवाल्याने निदान चाळीस मुले असावीत अशी अट घातली असेल, तर चाळीस आणि पंचेचाळीस या दोन कुंपणांच्या आत कोणतीही संख्या चालेल. ऐन वेळी दोन मुले आजारी पडली तरी हिशेब मोडत नाही. गणितात अशा संबंधाला असमानता म्हणतात. एक मर्यादा वरची, एक खालची, आणि त्या दोहोंच्या मधे माणसाला आपल्या विवेकाने वागण्याची मोकळीक! महमूद गवानाचे चरित्र म्हणजे या असमानतेचे एक जिवंत उदाहरण होय.

कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर इराण देशाचा गीलान नावाचा हिरवागार प्रांत आहे. तेथील गावान या गावी इ. स. १४११ मध्ये महमूदाचा जन्म झाला. त्याच्या घराण्यातील पुरुषांनी गीलानच्या दरबारात मोठमोठी पदे भूषविली होती. परंतु दरबार म्हटला की हेवेदावे आलेच. अशाच हेव्यादाव्यांमुळे महमूदाला मायदेश सोडावा लागला. त्याने व्यापाराचा मार्ग धरला आणि देशोदेशी हिंडत असता मालाबरोबर विद्येचाही संग्रह केला. ज्या शहरी जावे तेथील विद्वानांची गाठ घ्यावी, त्यांच्याशी चर्चा करावी, ग्रंथ मिळवावेत, असा त्याचा क्रम होता.

इ. स. १४५३ च्या सुमारास, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी असलेले दाभोळ त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील एक गजबजलेले बंदर होते. तेथून घाट चढून तो बहमनी राज्याच्या राजधानीला, म्हणजे बिदरला आला. तेथे राहणाऱ्या शाह मुहिब्बुल्लाह या सत्पुरुषाचे दर्शन घ्यावे आणि पुढे दिल्लीकडे जावे, असा त्याचा बेत होता. पण सुलतान अलाउद्दीन अहमद याने या व्यापाऱ्याची विद्वत्ता आणि चातुर्य पारखले व त्याला आपल्या पदरी ठेवून घेतले. पाहुणा म्हणून आलेला माणूस बिदरचाच झाला आणि पुढली अठ्ठावीस वर्षे त्याने या राज्याची सेवा केली.

बहमनी राज्याची स्थापना इ. स. १३४७ मध्ये झाली. त्याची पहिली राजधानी कलबुर्गी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमद शाह वली याने ती बिदरला हलविली. महमूद गवान आला त्या वेळी हे राज्य बाहेरून बलाढ्य दिसत असले तरी आतून दुभंगलेले होते. दरबारात दोन तट पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले सरदार स्वतःला दख्खनी म्हणवीत. इराण, तुराण व अरबस्तान येथून नव्याने आलेल्यांना आफाकी म्हणजे परदेशी म्हणत. एका तटाचा मनुष्य वर चढला की दुसऱ्या तटाने त्याला खाली ओढावे, असा प्रकार चालला होता. या वैरात शेकडो माणसे प्राणाला मुकली होती. गवान स्वतः परदेशी. तरीही दोन्ही तटांना सारखे लेखल्यावाचून राज्य टिकणार नाही हे त्याने ओळखले, आणि अधिकाराची पदे वाटताना तो दोन्ही बाजूंचा समतोल राखीत आला.

त्याचा उत्कर्ष पायरीपायरीने झाला. प्रथम त्याला एक हजार स्वारांचा सरदार करून नळगोंड्याचे बंड मोडण्यास पाठविण्यात आले. इ. स. १४५८ मध्ये गादीवर आलेल्या हुमायून शाहाने त्याला मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा बहमनी राज्यातील अत्यंत मानाचा किताब दिला. इ. स. १४६१ मध्ये हुमायून मरण पावला व त्याचा अवघ्या आठ वर्षांचा मुलगा निजाम शाह सुलतान झाला. तेव्हा राजमाता, ख्वाजा जहान तुर्क आणि महमूद गवान या तिघांनी मिळून कारभार पाहिला. बालराजा पाहून माळव्याच्या सुलतानाने स्वारी केली, इ. स. १४६२ मध्ये खुद्द बिदर शहर त्याच्या हाती पडले. या संकटात गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत मिळवून शत्रूला परत फिरविण्यात गवानाचा मोठा वाटा होता. निजाम शाह लवकरच वारला आणि इ. स. १४६३ मध्ये त्याचा धाकटा भाऊ तिसरा मुहम्मद शाह गादीवर आला. इ. स. १४६६ पासून राज्याची सर्व सूत्रे महमूद गवानाच्या हाती आली.

पुढे त्याने राज्याच्या सीमा दूरवर नेल्या. इ. स. १४६९ मध्ये तो कोकणच्या मोहिमेवर निघाला. सह्याद्रीची दाट अरण्ये तोडीत, पावसाळ्यात माघार घेत व पुन्हा चढाई करीत त्याने खेळणा म्हणजे आजचा विशाळगड आणि संगमेश्वर हा मुलूख जिंकला. इ. स. १४७२ च्या फेब्रुवारी महिन्यात गोवे बंदर विजयनगरच्या ताब्यातून त्याच्या हाती आले. अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार या बंदरांतून चाले. ज्याचे बंदर त्याचे घोडदळ, असा तो काळ होता. त्यानंतर बेळगावच्या किल्ल्याच्या वेढ्यात तटाखाली सुरुंग पेरून दारूने भिंत उडविण्यात आली. दख्खनेतील युद्धांत दारूचा असा उपयोग केल्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. या विजयांनी राज्य पूर्वसमुद्रापासून पश्चिमसमुद्रापर्यंत पसरले. त्यासाठी कोकणातल्या आणि कर्नाटकातल्या प्रजेला जे भोगावे लागले, तेही विसरता येत नाही.

राज्य वाढले तसा एक नवा धोका उभा राहिला. बहमनी राज्याचे चार मोठे भाग होते; त्यांना तरफ म्हणत आणि त्यांच्या अधिकाऱ्याला तरफदार. नव्याने जिंकलेला मुलूख या चार तरफांना जोडला जाऊ लागला तेव्हा एकेक तरफदार लहानसा राजाच बनला. त्याच्या हाती किती किल्ले असावेत, किती फौज असावी, वसुलातून किती ठेवावे, याला वरची मर्यादाच राहिली नाही. गवानाने ही मर्यादा घालण्याचे कठीण काम अंगावर घेतले. त्याने चार तरफांचे आठ केले. वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर. कलबुर्गीचे कलबुर्गी व विजापूर. आणि तेलंगणाचे वरंगळ व राजमहेंद्री. प्रत्येक तरफदाराकडे फार तर एकच किल्ला राहावा, बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या किल्लेदारांच्या ताब्यात असावेत, असे ठरविण्यात आले. प्रत्येक तरफेतील काही परगणे वेगळे काढून त्यांचा वसूल थेट सुलतानाच्या खजिन्यात यावा, अशी तजवीज झाली. गावांच्या सीमा निश्चित करून जमिनीची मोजणी करविण्यात आली, कारण जमीन किती हे ठाऊक नसेल तर सारा किती घ्यावा हे कोण सांगणार?

लष्कराच्या खर्चाची व्यवस्था तर गणिताच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. फरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार, पूर्वी पाचशे स्वारांच्या सरदाराला वर्षाला एक लक्ष होन मिळत आणि हजार स्वारांच्या सरदाराला दोन लक्ष. होन हे सोन्याचे नाणे. गवानाच्या काळी ही रक्कम अनुक्रमे सव्वा लक्ष आणि अडीच लक्ष झाली. जहागिरीचे उत्पन्न ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आले तर तूट सरकारी खजिन्यातून भरून दिली जाई. उलट नेमलेल्या संख्येपेक्षा एक जरी स्वार कमी ठेवला तरी तेवढ्याची रक्कम कापून घेतली जाई. येथे दोन खालच्या मर्यादा आहेत. सरदाराचे उत्पन्न ठरलेल्या रकमेपेक्षा कमी होऊ द्यायचे नाही, ही सरकारने स्वतःवर घातलेली. आणि स्वारांची संख्या ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी होऊ द्यायची नाही, ही सरदारावर घातलेली. एकाच कायद्याने दोन्ही पक्ष बांधले गेले.

आता याचाच हिशेब करून पाहू. सव्वा लक्ष होनांना पाचशेने भागले तर सरळ हिशेबाने स्वारामागे २५० होन पडतात. समजा, एखाद्या सरदाराकडे न इतके स्वार कमी आहेत. मग त्याला १,२५,००० − २५० न इतके होन मिळतील. ही रक्कम जुन्या एक लक्षाच्या खाली जाऊ नये असे त्याला वाटत असेल तर १,२५,००० − २५० न ≥ १,००,००० असे मांडावे लागेल. दोन्ही बाजूंतून १,२५,००० वजा केले की −२५० न ≥ −२५,००० राहते. येथे सावध राहावे. दोन्ही बाजूंना ऋण संख्येने भागताना असमानतेचे चिन्ह उलटते. म्हणून उत्तर येते न ≤ १००. शंभर स्वार कमी असतील तोवर सरदाराला निदान जुन्याइतकी रक्कम मिळेल. एकशे एकावा स्वार कमी झाला की ती जुन्या रकमेच्याही खाली जाईल. आणि कपात मुळीच नसती तर? मग पाचशे स्वारांचा पगार घ्यावा, चारशेच ठेवावेत, आणि उरलेल्या शंभरांचे पैसे आपल्या घरात घालावेत, हा मोह कोणाला आवरला असता? हा मोह गवानाच्या व्यवस्थेने आकड्यांनी बंद केला. सरदारांना पगारवाढ गोड वाटली असेल. ही कपात मात्र खचितच कडू वाटली असणार.

इतरांवर मर्यादा घालणारा मनुष्य स्वतः कसा वागतो, यावर त्याची खरी परीक्षा होते. महमूद गवान या परीक्षेत पूर्ण उतरला. राज्यातला सर्वांत सत्ताधीश मंत्री असूनही आपल्या जहागिरीच्या उत्पन्नातून तो स्वतःसाठी काहीच घेत नसे. त्यातून प्रथम फौजेचा आणि घोड्यांचा खर्च भागवावा आणि जे उरेल ते सुलतानाच्या नावाने गोरगरिबांना वाटावे, असा त्याचा परिपाठ होता. मग त्याचे घर कशावर चालत असे? मायदेशाहून येताना त्याने चाळीस हजार लाऱ्या बरोबर आणल्या होत्या. लारी हे चांदीच्या वाकविलेल्या तारेचे नाणे. इराणच्या आखातापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांत ते चाले. हे भांडवल त्याने शेवटपर्यंत व्यापारात गुंतवून ठेवले आणि त्याच्या नफ्यातून रोज दोन लाऱ्या एवढ्याच आपल्या अन्नवस्त्रासाठी काढल्या. बाकीचा नफा तो आपली आई, नातलग आणि देशोदेशीचे गरजू सत्पात्र लोक यांना पाठवीत असे.

रोज दोन म्हणजे वर्षाला ७३० लाऱ्या. चाळीस हजारांवर ७३० मिळण्यास शेकडा दोनांपेक्षाही कमी नफा पुरतो. कारण शेकडा दोन म्हटले तर ८०० लाऱ्या होतात. व्यापारात एखाद्या वर्षी नफा भरपूर होतो, एखाद्या वर्षी गलबत बुडते. परंतु ज्याने आपल्या गरजेची वरची मर्यादा इतकी खाली ठेवली आहे, त्याला मंदीचे भय वाटत नाही. नफा ७३० लाऱ्यांहून जितका अधिक, तितका दानाचा वाटा मोठा. खर्च उत्पन्नाबरोबर वाढवीत नेला तर दोन्ही बाजू नेहमीच समान राहतात आणि हाती काहीच उरत नाही. गवानाने आपल्या घरचे समीकरण होऊ दिले नाही. त्याने ती असमानताच ठेवली. लाच घेण्याचे कारणच त्याला उरले नाही, आणि लाच देऊन त्याला वळविता येईल अशी आशा कोणाला राहिली नाही.

अशा मनुष्याने विद्येवर मात्र सढळ हाताने खर्च केला. बिदरचा मदरसा ही तीन मजली इमारत होती. तिची लांबी सुमारे २०५ फूट आणि रुंदी १८० फूट आहे. विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी खोल्या, अध्यापकांसाठी स्वतंत्र निवासस्थाने, व्याख्यानाची दालने, मशीद आणि ग्रंथालय हे सर्व एकाच छताखाली होते. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. छापखाना या देशात येण्यापूर्वी, एकेक ग्रंथ हाताने उतरवून काढावा लागत असताना, हा संग्रह किती कष्टाचा असेल याचा विचार करावा. गवान स्वतः फारसी भाषेचा नामांकित लेखक होता. रियाझ-उल-इन्शा हा त्याच्या पत्रांचा संग्रह आणि मनाझिर-उल-इन्शा हा लेखनकलेवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहेत. तुर्कस्तानच्या सुलतानापासून हेरातच्या जामी या महाकवीपर्यंत अनेकांशी त्याचा पत्रव्यवहार होता. पुढे मोगलांच्या काळात मदरशात दारूचा साठा ठेवण्यात आला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याचा स्फोट झाला आणि एक मनोरा व इमारतीचा मोठा भाग कोसळला.

या काळाचे चित्र रंगविताना एकच बाजू दाखविणे योग्य होणार नाही. गवानाच्याच कारकिर्दीत अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी बिदरला येऊन राहिला. सुलतानाच्या मिरवणुकीचा थाट, हत्ती, सोन्यारुप्याचे साज, हे सर्व त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. त्याचबरोबर सरदार अत्यंत श्रीमंत असून खेड्यांतले लोक फार हलाखीत आहेत, असेही त्याने नोंदविले. बेळगावच्या विजयानंतर लागोपाठ दोन वर्षे पाऊस न पडल्याने दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला व असंख्य माणसे दगावली. आपल्या या कोरडवाहू मुलखात पावसाची ओढ म्हणजे काय, हे कोणाला सांगावयास नको. गवानाने जमाखर्चाला शिस्त लावली, पण राज्याचा मोठा पैसा युद्धे आणि फौज यांकडेच जात राहिला. शेतकऱ्याच्या घरात वर्षाकाठी निदान किती धान्य उरले पाहिजे, ही खालची मर्यादा त्या काळच्या कोणत्याच राज्याने आपल्या कागदावर घातली नाही. गवानाचे मोठेपण मान्य करतानाच ही उणीव आपण लक्षात ठेवली पाहिजे.

ज्यांच्या अमर्याद सत्तेला कात्री लागली ते सरदार स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्यांचा अग्रणी होता मलिक हसन. संपूर्ण तेलंगण आपल्या हाती येईल अशी त्याची आशा होती. तरफेचे दोन भाग झाल्यामुळे त्याच्या वाट्याला राजमहेंद्रीच आली. इ. स. १४८१ मध्ये सुलतान पूर्वेकडील मोहिमेवर कोंडपल्ली येथे असताना या मंडळींनी कपटाचा डाव रचला. गवानाचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी त्यांनी दोस्ती केली, त्याला मद्य पाजले आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. त्या कागदावर मग ओढ्याच्या म्हणजे ओरिसाच्या राजाला बहमनी राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिण्यात आले आणि तो कागद मद्यधुंद सुलतानापुढे ठेवण्यात आला.

सुलतानाने गवानाला तत्काळ बोलाविले. जाऊ नये, वेळ काढावा, गुजरातकडे निघून जावे, असा सल्ला हितचिंतकांनी दिला. पण ज्याने काही लपविलेले नाही त्याने पळावे कशासाठी, अशा विचाराने तो वृद्ध मंत्री निघाला. कागद पाहून त्याने शिक्का आपला आहे हे कबूल केले आणि मजकूर आपला नाही असे शांतपणे सांगितले. सुलतानाने चौकशी केली नाही. त्याच्या आज्ञेने ५ एप्रिल १४८१ या दिवशी महमूद गवानाचा शिरच्छेद झाला. तेव्हा त्याचे वय सत्तरीच्या घरात होते.

यानंतर सुलतानाने वजिराची मोठी दौलत हाती लागेल या आशेने त्याच्या खजिनदाराला बोलाविले. तेव्हा हिशेब बाहेर आला. फौजेच्या खर्चासाठी एक खजिना होता, त्यात थोडी रक्कम होती. दुसरा गरिबांचा खजिना म्हणून वेगळा ठेवलेला होता, त्यात तीनशे लाऱ्यांची मोहोरबंद पिशवी तेवढी निघाली. दोन लाऱ्यांचा रोजचा खर्च आणि चाळीस हजारांच्या भांडवलाची सर्व हकीकत खजिनदाराने या वेळी निवेदन केली. जो हिशेब गवानाने जिवंतपणी कोणाला सांगितला नव्हता, तोच त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वतीने साक्षीला उभा राहिला. सुलतानाला पश्चात्ताप झाला; पण गेलेला जीव परत येत नाही. निष्ठावंत सरदार मनातून दुरावले व आपापल्या तळाकडे निघून गेले. पुढल्याच वर्षी, इ. स. १४८२ मध्ये, मुहम्मद शाह मरण पावला. मर्यादा घालणारा हात नाहीसा होताच तरफदार स्वतंत्र होऊ लागले, आणि विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा व बिदर अशी पाच राज्ये एका राज्याच्या जागी उभी राहिली.

गवानाची साधी कबर बिदर शहराबाहेर दक्षिणेच्या बाजूस आहे. तिच्यावर मोठा घुमट नाही. त्याची खरी समाधी त्याचा मदरसाच म्हणावा लागेल. आणि त्याच्या काळाची आणखी एक खूण आपण रोज तोंडी वागवितो, ती आपल्या लक्षातही येत नाही. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, महसूल हे आपल्या मराठीतले शब्द फारसी दरबारांच्या दफ्तरांतूनच घरोघरी आले. किराणा दुकानाच्या वहीत आणि आईच्या महिन्याच्या टिपणात ते आजही आहेत.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, असमानतेची उदाहरणे केवळ परीक्षेपुरती सोडवू नका. घरी महिन्याचा हिशेब मांडला जाईल तेव्हा आईवडिलांजवळ बसा. धान्य, औषधे आणि शिक्षण यांवर निदान किती खर्च झालाच पाहिजे, हे आधी लिहा. ती खालची मर्यादा. हौसेवर फार तर किती करावा हे त्यापुढे लिहा. ती वरची मर्यादा. या दोहोंची बेरीज उत्पन्नापेक्षा कमी राहते की नाही ते पाहा, आणि जी शिल्लक उरेल तिच्यात दुसऱ्या कोणाचा तरी वाटा आहे याचीही आठवण ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी कचेरीत, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर. सार्वजनिक पैसा हाताखालून जाऊ लागेल तेव्हा दुसऱ्यावर मर्यादा घालण्यापूर्वी ती स्वतःवर घालण्याचे बळ तुमच्या ठिकाणी असो. बिदरचा मनोरा आता एकटाच उरला आहे. पण पाहणाऱ्याला तो एवढा धडा अजूनही देतो.